शाडू, फोन आणि मुलांचे हात

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. शाडूकामाचा ऑनलाइन वर्ग घ्यायला तुला बोलावलंय आणि तू नाही म्हणायच्या बेतात आहेस. "हात लावल्याशिवाय माती कशी शिकवणार?" हा तुझा सवाल रास्त आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. पण फोनवरून शाडूकाम शिकवायचं हे काम मी नंतरही सोडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आपले सर मागून यायचे आणि एक शब्दही न बोलता अंगठ्याने गालाचा उतार नीट करून जायचे. फोनवर ते होत नाही. मुलाच्या मातीत पाणी किती, हे माझ्या बोटांना कळत नाही, म्हणून त्यालाच तपासायला लावतो. करंगळीएवढी वळी कर, बोटाभोवती गुंडाळ. भेगा पडल्या तर हात ओला करून पुन्हा मळ; चिकटली तर सुती फडक्यावर जरा सुकू दे. आता पोरं आपणहून सांगतात, "सर, आज माती कोरडी पडतेय." वर्गात ही वेळच येत नसे; माझाच हात आधी पोचायचा.

तुझा चेहरा दिसायची गरज नाही, हात दिसले पाहिजेत. फोन खांद्यामागून, वरून लाव. समोर ठेवलास तर मुलांचं डावं-उजवं उलटं होतं. उजेड खिडकीतून, एकाच बाजूने येऊ दे. समोरून पडला की सोंड काय नि पोट काय, सगळं सपाट.

सर्वांत जास्त वेळ सांध्यांना दे. कान नुसता दाबून बसवला की वाळताना गळतो, आणि ते कळतं वर्ग संपल्यावर. दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढायचे, पातळ कालवलेली माती लावायची, किंचित हलवत दाबायचं, सांधा बोटाने पुसून घ्यायचा. हे मी प्रत्येकाकडून माझ्या डोळ्यांदेखत करून घेतो. वाळवायचं सावलीत; पंख्याखाली ठेवलं की वरची माती आधी आकसते आणि तडकते.

राग येतो तो एकाच गोष्टीचा. घरात फोन एक, भावंडं दोन, त्यात डेटा संपतो. ज्याचा हात उत्तम तोच पोरगा अर्ध्यातून गायब. त्याच्यासाठी दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करून ठेवतो. रात्री वडील घरी आले की तो बघतो.

तरीही हो म्हण. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे सगळे पेपर कागदावरचे, म्हणून शाळेत मातीला तास मिळता मिळत नाही. इथे तो मिळतोय. फक्त दहा-बारापेक्षा जास्त मुलं घेऊ नकोस आणि माती आधी घरपोच करायची अट घाल. सुरुवातीलाच गणपती नको, साधी वाटी करायला दे. काठाची जाडी सारखी ठेवता आली की पुढचं सोपं जातं.

पहिल्या तासाला मी बसेन. लिंक पाठव.

तुझा,
अनिल