ताई, कोरिलेशन डोक्यात बसवलंस त्याबद्दल

ताई, नाव टाकत नाही, टाकलं तर तू ओरडशील, पण टॉवेलच्या कारखान्यातले हिशोब उरकून संध्याकाळी बीकॉमच्या पोरापोरींना फुकटात स्टॅटिस्टिक्स शिकवणारी सोलापुरात अशी किती जणं असतील, त्यामुळं ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात-घटतात याचं माप, आमच्याकडं म्हणजे फक्त कार्ल पिअरसनचा फॉर्म्युला, पाच कॉलमचं टेबल, उत्तर 0.78 आलं की खाली 'हाय पॉझिटिव्ह' लिहायचं आणि पुढचं गणित घ्यायचं. मार्क मिळतात त्यात वाद नाही, पण 0.78 म्हणजे नेमकं काय असं कुणी विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात.

तू टॉवेलच्या गठ्ठ्यातला पुठ्ठा काढलास आणि रसवंतीचे पाच दिवस मनानंच मांडलेस. तापमान 36, 38, 40, 42, 44 आणि रसाचे ग्लास 70, 100, 90, 130, 110. आधी ठिपके, मग सरासरीच्या दोन रेघा, 40 वर उभी न् 100 वर आडवी, झाले चार खण. उजवीकडचा वरचा आणि डावीकडचा खालचा प्लसचा, उरलेले दोन मायनसचे. 36 चा दिवस सरासरीच्या 4 खाली, ग्लासही 30 खाली, मायनस गुणिले मायनस, 120 प्लस. रेघेवर बसलेल्या दोघांचं शून्य, बाकीचे 60 आणि 40, एकूण 220. याला सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजा, 40 आणि 2000, यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळानं म्हणजे साधारण 283 नं भागलं की आलं तेच 0.78! भागायचं कशाला, तर डिग्री आणि ग्लास ही दोन्ही एककं उडून जावीत म्हणून, तापमान फॅरनहाइटमध्ये घेतलं तरी आर (म्हणजे हे 0.78 वालं उत्तर) तोच येतो, हे तर पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं.

मग तू 46 चा ठिपका पार खाली टाकलास, कारण तसल्या उन्हात दुपारी रस प्यायला रस्त्यावर असतंय कोण. आर लगेच घसरला. त्याला फक्त सरळ रेघ कळते, वाकडा संबंध कितीही पक्का असला तरी आर शून्याजवळ येऊ शकतो. अँस्कॉम्ब नावाच्या स्टॅटिस्टिक्सवाल्यानं 1973 मध्ये चार डेटासेट दिले होते, चारही ठिकाणी आर 0.816 च्या आसपास आणि चित्रं मात्र चार तऱ्हेची, ती तू मोबाईलवर दाखवलीस तेव्हा पोरं लै हसली. आणि रस जास्त खपला की कूलरवाल्याची कामं वाढतात म्हणून रस पिऊन कूलर बिघडतो का (दोन्ही वाढवतं ते ऊनच), हा तुझा प्रश्न मी आता घरात सगळ्यांना विचारत बसते, आई वैतागलीय.

तर थँक्यू ताई, मनापासून. पुठ्ठा मी ठेवून घेतलाय, मागू नकोस. स्पिअरमनची रँक पद्धत राहिलीय, रविवारी येते, शेंगाचटणी आणते, भाकरी तू कर.