पगारकपातीवर सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

20 टक्के कमी पगार चालेल का, याचं उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय म्हणालास. घाई आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

गेलेले 20 टक्के भरून काढायला 25 टक्के वाढ लागते. 100 चे 80 झाले आणि वर्षाला 5 टक्के वाढ मिळत गेली, तर चार वर्षांनी तू 97 वर असशील, 100 ओलांडायला पाचवं वर्ष उजाडेल. कपात नसती तर तोवर जवळपास 128 झाले असते. म्हणून आकड्याइतकंच महत्त्वाचं हे की पैसे कशातून कापतायत आणि कधीपर्यंत. मूळ पगार कमी झाला की त्यावर मोजलं जाणारं सगळंच आकसतं: निवृत्तीसाठीची वर्गणी, साठलेल्या रजेचे पैसे, कामावरून काढलं तर मिळणारी भरपाई. ही भरपाई पुष्कळदा शेवटच्या पगारावर ठरते. म्हणजे आज पगार कापून सहा महिन्यांनी माणसं कमी केली, तर ती कंपनीला स्वस्तात पडतात. तुझ्या साहेबांच्या मनात तसं नसेलही, पण 'भरपाई जुन्या पगारावर मोजली जाईल' हे वाक्य लिहून मागच. त्याला फाटे फुटले तर काय समजायचं ते समज.

घरचा हिशोब एकूण पगारावर करू नकोस, हातात येणाऱ्या रकमेवर कर. 100 पैकी 60 हप्ते, भाडं, विमा, फी यांत जात असतील, तर तुझ्या मर्जीचे 40 उरतात. 20 गेले की त्या 40 चे निम्मे राहिले. कर टप्प्याटप्प्याने वाढत असेल तर हातातली घट थोडी कमी बसेल, पण हप्ते काही कमी होत नाहीत.

तास तेवढेच ठेवणार असतील तर ही निव्वळ कपात. पाचाऐवजी चार दिवस काम असेल तर तासाचा दर तोच राहतो, फक्त पाच दिवसांचं काम चार दिवसांत कोंबणार नाहीत ना, हे विचारून घे. कामाची यादी छोटी झाली नाही तर सुट्टीचा दिवस नावापुरताच.

तोंडी आश्वासनावर अजिबात जाऊ नकोस. 'परिस्थिती सुधारल्यावर पूर्ववत करू' याला काही अर्थ नाही. सुधारली हे ठरवणार तेच. पत्रात तारीख हवी, आणि त्या तारखेला जुना पगार आपोआप लागू होईल, असं हवं. कापलेले पैसे नंतर देणार असतील तर ते 'थकीत देणं' म्हणून नोंदवायला लाव. साहेबांचा पगार किती कापला तेही विचार, संकोचू नकोस.

बऱ्याच देशांत मालकाला एकतर्फी पगार कापता येत नाही, झालेल्या कामाचे पैसे तर नाहीच. मात्र गप्प राहून काम करत राहिलास तर काही ठिकाणी तीच संमती धरतात. मान्य नसेल तर लगेच ईमेलने कळव, आणि त्याची प्रत स्वतःच्या खात्यावर ठेव.

माझं मत विचारशील तर, तारीख आणि भरपाईचं वाक्य मिळालं तर सहा महिन्यांसाठी हो म्हण. नाही मिळालं, तर मुदत वाढवून माग आणि तोवर बाहेर दोन-तीन ठिकाणी तुझा भाव काय येतो ते बघ. तिथे मात्र जुनाच पगार सांग. सही करून बसलास तर पगारपत्रकावर 80 च दिसतील आणि बोलणी तिथूनच सुरू होतील.

पत्राचा मसुदा आला की पाठव, वाचून कळवतो.

तुझा मित्र