बोलताना उडणारे थेंब आणि हिरवा लेसर

संपादक साहेब,
कोरोनातली मास्कवरची भांडणं संपली आणि लोक सगळंच विसरले, पण त्या वेळचा एक प्रयोग मला अजून भारी वाटतो, त्यावर तुमच्या विज्ञान पुरवणीत नीट लेख यायला हवा. एप्रिल २०२० मधे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी आतून काळा रंगवलेला पुठ्ठ्याचा खोका घेतला, त्यात हिरव्या लेसरचा पातळ उभा पडदा केला आणि एका माणसाला बाहेरून त्यात "स्टे हेल्दी" बोलायला लावलं. थुंकीचा थेंब लेसरमधून गेला की प्रकाश विखुरतो आणि क्षणभर चमक दिसते, ती मोबाईलने शूट केली, सेकंदाला ६० फ्रेम, बस्स! थेंब निघाले २० ते ५०० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आवाज जितका मोठा तितक्या चमका जास्त, एका फ्रेममधे तर ३४७ मोजल्या. तोंडावर ओलसर कापड धरलं तर जवळजवळ काहीच नाही.

आता यात विषाणू किती होते हे काही तपासलेलं नव्हतं, म्हणून "लेसरने कोरोना दिसला" वगैरे फॉरवर्ड येतात ते साफ खोटे. चमक म्हणजे फक्त थेंब.

शाळांच्या प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी बघून कंटाळा आलाय, तिथे असलं काही दाखवा ना. फक्त तो लेसर अडीच वॅटचा होता, डोळे जातील, मुलांच्या हातात कमी पॉवरचाच द्या आणि सोबत सर-मॅडम हवेतच.

– एक वाचक