मिस्त्री भाऊ, तुम्ही आमच्या आईला विचारलं

मिस्त्री भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथे टाकत नाही. त्या दिवशी फोटो काढतो म्हटलं तर तुम्ही तोंड फिरवून पान्हा पुसत बसले, तेव्हाच समजलं की तुम्हाला हे आवडत नाही. पण न लिहिता राहवत पण नाही. आज आठ दिवस झाले, पाणी बरोबर गरम येऊन राहिलं, आणि रोज सकाळी न्हाणीतून वाफ निघताना दिसली की तुमची आठवण येते.

तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं. २०१७ साली मी घरावर पाणी तापवायचा दोनशे लिटरचा सोलर बसवला, वीस काचेच्या ट्यूबचा. बसवला तो आईसाठी. तिचा सगळा जन्म चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळून पाणी तापवण्यात गेला, धुराने डोळे खराब झाले, छाती भरून येते, आणि गुडघे असे की चुलीपुढे बसली की उठायला दोघं लागतात. सोलर आल्यापासून ती चूल थंडच होती. या दिवाळीनंतर लहान बहीण बाळंतपणाला आली, तिच्यासाठी घाईघाईने नवीन न्हाणी बांधली, त्यात गरम-थंड पाणी एकत्र करणारा मिक्सर नळ, हातातला शॉवर, सगळं चांगलं केलं. आणि नेमकं बाळ घरात आलं तसं पाणी कोमट यायला लागलं. ऊन कडक, आकाश निरभ्र, तरी पाणी कोमट.

तुमच्या आधी तीन जण येऊन गेले. पहिला ज्यांच्याकडून सोलर घेतला त्यांचा माणूस, त्याने वर जाऊन पाच मिनिटात सांगितलं ट्यूब गेल्या, चार बदलल्या, पैसे घेतले, गेला. पाणी तसंच. फोन केला तर म्हणे थंडी आहे साहेब, थंडीत असंच असते. अरे, २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ वर गेला होता, त्या आठवड्यात याच सोलरच्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या होत्या, तेव्हा थंडी नव्हती का? दुसरा म्हणे तुमच्या खाऱ्या पाण्याने टाकी खाल्ली, नवीनच घ्या. तिसरा म्हणे आत दोन किलोवॅटची कॉइल टाकून देतो. दोनशे लिटर पाणी वीस डिग्रीवरून साठवर न्यायला नऊ युनिटच्या वर लागतात, म्हणजे त्या कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळालं तरी साडेचार तास पाहिजे, आणि आमच्या गावात सकाळी बल्ब पण लाल दिसतो. हा हिशेब त्याला करावासा वाटला नाही. तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की हे सुरू केव्हापासून झालं.

या सगळ्या दिवसात आईने चूल पुन्हा पेटवली होती भाऊ. बाळाला न्हाऊ घालायला पाणी पाहिजे, बाळंतिणीला पाहिजे, मग काय करणार. पहाटे उठून खोकत खोकत फुंकणी घेऊन बसायची. मी पाहायचो आणि मला लाज वाटायची.

मग तुम्ही आले. तुम्ही सामान घेऊन जिन्याकडे निघाले होते, आई बाजेवरून काहीतरी पुटपुटली, नव्या न्हाणीबद्दल. ती हे महिनाभर बोलत होती, मी पण ऐकलं नव्हतं, खरं सांगतो. वर मीच तिला म्हटलं होतं, आई तुला त्यातलं नाही समजत. तुम्ही जिन्यावरून परत आले. चप्पल काढली, बाजेसमोर खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "काकू, तुमी सांगा बरं, कवा गरम येते अन् कवा नाई?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं. ते पाहणं मी विसरू शकत नाही.

मग ती बोलली. पहाटे पानी कडक रायते. पोरी उठल्या, नव्या न्हानीत जाऊन आल्या, का मंग जुन्या न्हानीत कोमट. रात्री झोपाच्या आंधी मी सारे नळ आवळून ठेवतो, म्हून पहाटे बरं रायते. दहा मिनिटं बोलली असेल, मधे बाळाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, तुम्ही मधे एक शब्द टाकला नाही. शेवटी फक्त म्हणाले, "काकू, तुमी बरोबर पकडलं." पंचाहत्तरीच्या बाईला असं कोणी म्हटल्याचं मी माझ्या आयुष्यात ऐकलं नाही. तिचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

पुढचं काम तर अर्ध्या तासाचं होतं. वर सोलरच्या टाकीत येणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह तुम्ही बंद केला आणि मला खाली जुन्या न्हाणीतला गरम नळ सोडायला सांगितला. थोडं पाणी पडून धार थांबायला पाहिजे होती, थांबलीच नाही, थंडगार पाणी धो धो चालू. म्हणजे गरम लाइनीत थंड पाणी दुसरीकडूनच घुसत होतं. नव्या न्हाणीत पोरी शॉवरचं बटण सोडून द्यायच्या आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहायच्या, बाहेर पाणी येत नाही म्हणून बंद आहे असं वाटायचं, पण आतून थंड आणि गरम लाइन एकमेकीला जोडलेली. दोन एनआरव्ही टाकले तुम्ही, म्हणजे पाणी एकाच बाजूला जाऊ देणारे, उलटं न येऊ देणारे व्हॉल्व्ह, आणि पोरींना सांगितलं चाव्या बंद करत जा. झालं.

वर तुम्ही मला ट्यूबची खालची टोकं दाखवली. चंदेरी असली तर आतली हवा काढलेली तशीच आहे, ट्यूब चांगली, पांढरी पडली की गेली. मग गोठ्यामागे टाकलेल्या त्या चार जुन्या ट्यूब आपण पाहिल्या. चारही चंदेरी. माझ्या पैशाचं मला तेवढं वाईट नाही वाटलं, पण त्या माणसाला हे माहीत नसेल असं होऊ शकत नाही. तुम्ही त्याच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही, फक्त म्हणाले, "ठेवून द्या, गारपिटीत कामी येतीन."

पैसे किती म्हटलं तर एनआरव्हीचे आणि मजुरीचे, बस. चार पैसे जास्त मागितले असते तर मी त्या दिवशी आनंदाने दिले असते, हे तुम्हाला पण दिसत होतं. आपल्याकडे हुशार कारागीर कमी नाहीत भाऊ. पण घरात सगळ्यात जास्त वेळ ज्या बाईचा त्या नळाशी संबंध, तिला विचारावं, ती बोलते तोपर्यंत थांबावं, आणि ती बरोबर असेल तर तसं तिला तोंडावर सांगावं, ही माणुसकी कोणत्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. डॉक्टरकडे जा, बँकेत जा, तहसीलमध्ये जा, म्हातारं माणूस समोर असलं तरी सगळे त्याच्या पोराशीच बोलतात. मी पण तेच करत होतो. आता नाही करत. परवा आईला दवाखान्यात नेलं तर मी डॉक्टरीण बाईंना म्हटलं, मॅडम तिलाच विचारा.

चूल पुन्हा थंड आहे. बाळाला रोज सकाळी आईच न्हाऊ घालते, पाय पसरून, पायावर आडवं घेऊन, आणि शेजारची कोणी आली की तिला एनआरव्ही म्हणजे काय ते समजावून सांगते.

तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. आईने सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, काढून तुमच्यासाठी वेगळे ठेवले आहेत, आणि रोज विचारते मिस्त्री कधी येतात म्हणून. इकडून जाणं झालं तर या, काम नसलं तरी या.