पलंगाच्या पट्ट्या मोजून या म्हणणाऱ्या चाचांना

चाचा,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री आई साडेदहाला आडवी झाली ती पहाटे पाचला, नळाला पाणी आल्याच्या आवाजाने उठली. मधे एकदाही हाक नाही. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून अशी रात्र आमच्या घरात उगवली नव्हती. सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "त्या गादीवाल्यांना कळव गं." म्हणून हे पत्र. तुमचा नातू मोबाइलवरून तुम्हाला वाचून दाखवील. सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण आम्ही केली तीच चूक करायच्या बेतात असलेलं आणखी कुणीतरी ठाण्यात असणारच.

तुम्हाला आठवत असेल, आई ६८ वर्षांची. जन्मभर चिपळूणच्या घरात जमिनीवर कापसाची गादी घालून झोपली. ऑपरेशननंतर जमिनीवर बसणं-झोपणं बंद, मग पलंग आणणं आलंच. बॉक्सचा पलंग मी मुद्दाम टाळला. वर्तकनगरचं आमचं घर तळमजल्यावर आहे, जुलैत भिंतींना ओल धरते, आणि आधीच्या बॉक्सच्या पलंगावर गादीची प्लायला टेकलेली बाजू दोन पावसाळ्यांत काळी पडली होती. खालून वारा खेळावा म्हणून या वेळी पट्ट्यांचा लाकडी पलंग घेतला. तो निर्णय बरोबर होता, असं तुम्हीही म्हणालात. चुकली ती गादी. ती मी घरबसल्या मागवली: १० इंच जाडीची, मेमरी फोमची, गुंडाळी करून खोक्यात आलेली. एका कंपनीची होती, नाव घेत नाही. महिनाभर फोन केल्यावर का होईना, परत नेली त्यांनी.

पण त्या महिन्यात आईचे फार हाल झाले. गादीत ती रुतायची. कूस बदलायची तर कोपर रोवून स्वतःला खड्ड्यातून वर काढायचं, आणि तेवढ्यात झोप उडायची. बाथरूमला जायला उठून कडेवर बसली की पाय जमिनीला टेकायचे नाहीत. "मला खालीच घाल," असं एका रात्री रडवेल्या आवाजात म्हणाली. ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्या दुकानात आले.

चाचा, तुम्ही मला त्या दिवशी काहीच विकलं नाहीत. मी आल्या आल्या विचारलं, "पाठीला चांगली गादी कुठली?" आणि तुम्ही म्हणालात, "गादी कुठं पळून जात न्हाई ताई. खाली पलंग कसा हाय ते सांगा आधी." मला सांगता येईना. तुम्ही पट्ट्यांमधल्या फटीत चार बोटं आडवी घालून बघायला सांगितलंत. चार बोटं घट्ट बसली तर ठीक, त्यापुढे जागा उरली तर गादी कितीही भारी घ्या, ती पट्ट्यांमधून खाली उतरणार. घरी येऊन बोटं घातली तर चार बोटं सहज जाऊन वर अंगठाही मावला. टेप लावला: ११ पट्ट्या, प्रत्येक ७ सेंटीमीटर रुंद, मधली फट १२ सेंटीमीटरच्या वर. मग वाकून पलंगाखाली पाहिलं. त्या मऊ गादीच्या पोटाला पट्टीगणिक वळ्या पडल्या होत्या. आई रुतत होती ती नुसत्या फोममुळे नाही, हे मला तेव्हा दिसलं. तोपर्यंत पलंगाखाली डोकावून बघावं असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी आकडे घेऊन आले. तुम्ही बिलबुकाच्या मागच्या पानावर हिशेब मांडलात तो कागद मी जपून ठेवलाय. लांबी २०० सेंटीमीटर. ४ पट्ट्या वाढवल्या की झाल्या १५. पंधरा साते १०५. उरले ९५, त्यात १४ फटी, म्हणजे फट सात सेंटीमीटरच्या आत. "अख्खा प्लाय ठोकू नका," हे तुम्ही दोनदा बजावलंत. माणसाच्या अंगाचा घाम रात्रभर गादीत उतरतो, त्याला खालून वाट हवी, आणि ठाण्याच्या पावसात ती वाट बंद केली की पुन्हा बुरशी. आमच्या सुताराने अर्ध्या दिवसात काम केलं. पट्ट्यांच्या कडा पॉलिश पेपरने मारून गोल केल्या आणि प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना स्क्रूने आवळली, तुम्ही सांगितलंत तसंच.

त्याच कागदावर दुसरी एक गोष्ट आहे, जी मला अजून कुठल्याच दुकानदाराने सांगितली नव्हती. पलंगाचं आतलं माप ९० सेंटीमीटर रुंद. मी "तीन बाय साडेसहाची द्या" म्हणून मोकळी झाले होते. ३६ इंच म्हणजे ९१ सेंटीमीटरच्या वर, तुम्ही टेप उलटा करून दाखवलंत. ती गादी चौकटीत दाबून बसवली असती तर मधे फुगून राहिली असती. आपल्याकडची तयार गादी इंचात, पलंग सेंटीमीटरमध्ये, आणि त्या दीडेक सेंटीमीटरपायी माणूस वर्षानुवर्षं फुगवट्यावर झोपतो. तुम्ही मापाने शिवून द्यायचं कबूल केलंत.

मग तुम्ही म्हणालात, "आता आक्कांना घेऊन या. त्यांच्या अंगाची गादी मी तुमच्याकडं बघून कशी देऊ?"

आईला आणलं तो शुक्रवार होता, दुपारची वेळ. तुम्ही नमाजाला गेला होतात, तुमच्या मुलाने आईला खुर्ची दिली. बसल्या बसल्या तिला भिंतीवर टांगलेली पिंजण, कापूस पिंजायचं धनुष्य, दिसली. तुमच्या वडिलांची, सांगलीकडून आणलेली. लाकूड हाताच्या घामाने काळंभोर झालेलं, तात, म्हणजे तिची दोरी, मात्र ताणलेली. तुम्ही आल्यावर आईने विचारलं, वाजते का अजून? तुम्ही ती खाली काढलीत, मुठीने तात छेडलीत, आणि तो ढाँय्‌ असा आवाज दुकानभर घुमला. आईचा चेहरा त्या क्षणी पाहायला हवा होता तुम्ही. चिपळूणला दिवाळीच्या आधी अंगणात पिंजारी यायचा, कापूस उडून पोरांच्या केसांत बसायचा, ते सगळं ती तुम्हाला सांगत सुटली. ऑपरेशननंतर इतकं सलग ती पहिल्यांदाच बोलली.

दुकानात चारचौघांत आडवं व्हायला तिला संकोच वाटत होता. तुम्ही काही न बोलता गादीवर धुतलेली चादर अंथरलीत, मुलाला चहा आणायला पाठवलंत आणि स्वतः खुर्ची रस्त्याकडे फिरवून पाठमोरे बसलात. तसेच पाठमोरे बसून मला सांगत होतात: त्यांना कुशीवर झोपू द्या, घाई करू नका, पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग कमरेच्या खळगीत हात सरकवा. हात पोकळीत खुळखुळला तर गादी फार कडक, आत जाईचना तर फार मऊ. थोडा अडत, अंगाला लागून गेला पाहिजे. तीन गाद्यांवर असं झालं. काथ्याच्या गादीवर आईचा खांदा आणि खुबा दुखायला लागला. स्प्रिंगवर कूस बदलताना तिला झोका गेल्यासारखं झालं. तिसरीवर ती दहाव्या मिनिटाला घोरायला लागली, आणि तुम्ही बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलंत.

ती तिसरी म्हणजे खाली ४ इंच टणक फोम आणि वर २ इंच लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम. अख्खी लेटेक्सची का नको, हे विचारल्यावर तुम्ही तिचं एक टोक मला उचलायला लावलंत; मला उचलवेना, तर चादर खोचताना आईला कुठून उचलवणार! आणि फोम खरंच ४० डेन्सिटीचा आहे का, हे मी विचारायच्या आधीच तुम्ही कापलेला तुकडा रुई तोलायच्या जुन्या काट्यावर ठेवलात. एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, म्हणजे आमच्या मापाचा ४ इंची तुकडा सव्वासात किलोच्या आसपास भरला पाहिजे. काटा सातच्या थोडा पुढे थांबला. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हेही तेव्हाच कळलं: जड फोम मऊही असतो. डेन्सिटीवरून तो किती वर्षं टिकेल त्याचा अंदाज येतो. मऊ की कडक, ते अंग टेकल्यावरच कळतं.

सहा इंचाच्या वर जाऊ नका, हा तुमचा आग्रह होता. आमचा पलंग १२ इंच उंच. आधीच्या गादीने ते २२ झाले होते. आता १८, आणि आईची टाच जमिनीला पूर्ण टेकते. नव्या गुडघ्यांनी उठताना तिला आता माझा हात लागत नाही. रात्री ती स्वतः उठते, स्वतः जाऊन येते. चाचा, हे लिहिताना माझा गळा भरून येतोय. माझी झोप मिळाली हे एक, पण आईला कुणाला उठवावं लागत नाही, याचं तिला जे बरं वाटतंय ते मला दिवसभर दिसतं.

गादी पोचवायला टेम्पोसोबत तुम्ही स्वतः आलात. प्लॅस्टिक तुम्हीच फाडलंत आणि सोबत घेऊन गेलात, "नाहीतर लोक वर्षभर ठेवतात" म्हणत. आणि जाताना कोपऱ्यातली ती चिपळूणची कापसाची गादी तुमच्या नजरेला पडली. आई म्हणाली, तिच्या लग्नातली आहे, फेकवत नाही. मी नव्या उशा घ्यायला निघाले होते, तर तुम्ही त्याच गादीचा कापूस नेऊन, पिंजून, आठवड्याने दोन उशा आणि एक लोड घेऊन आलात. मजुरीच तेवढी घेतलीत. लोडाची खोळ जुन्या गादीच्याच पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची आहे. आई दुपारी त्याला टेकून पेपर वाचते.

दर दोन महिन्यांनी गादीची उशाकडची बाजू पायथ्याला फिरवा, असं तुम्ही सांगून गेलात. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने गोल केलाय. त्या दिवशी चहाला तुम्ही घरी यायचं, असा तिचा निरोप आहे. चाचींनाही आणा. तिला त्यांना ओल्या काजूची उसळ खाऊ घालायची आहे.

तुमची,
वर्तकनगरची ताई