घाट कुठला, ते आधी सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाहनविषयक पुरवणीत डॉज चॅलेंजर डेमन १७० या नव्या अमेरिकी मसल कारवर, म्हणजे प्रचंड ताकदीचे इंजिन बसवलेल्या गाडीवर, अर्धे पान मजकूर आला; ती ‘शून्य ते १०० किमी’ वेग १.६६ सेकंदांत गाठते असे त्यात होते. पुण्यातल्या माझ्या भाच्याने त्या कात्रणाचा फोटो मला पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, ‘आत्या, १.६६ सेकंद! खरंच होतं का गं हे?’ त्याला उत्तर लिहायला बसले आणि ते इतके लांबले की म्हटले, हे आपल्या सगळ्याच वाचकांसाठी पाठवावे.

मी गेली बावीस वर्षे मिशिगनमध्ये इंजिन चाचणीच्या कामात आहे. बंद खोलीत इंजिन डायनोला, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राला, जोडायचे, काचेपलीकडे बसून त्याची ताकद मोजायची, आणि मोजलेल्या आकड्याशेजारी हवेचे तापमान, दाब, आर्द्रता, इंधनाची खेप हे सगळे लिहायचे, हा माझा रोजचा उद्योग. या नोंदी नसलेला कागद आमच्याकडे कुणी हातात धरत नाही. तुमच्या बातमीत आकडा खरा होता. तो कुठल्या जमिनीवर, कुठल्या इंधनावर आणि कुठून मोजायला सुरुवात करून मिळाला, हे मात्र आलेच नाही.

ही सवय मला खरे तर डायनोच्या आधी घरातच लागली. आमचे गाव जुन्नर तालुक्यातले. बैलगाडा शर्यतींच्या दिवसांत संध्याकाळी ओट्यावर माणसे जमत आणि कुणाचा गाडा किती सेकंदांत पळाला याची चर्चा रंगे. आजोबा सुपारी कातरत ऐकत असत. कुणी सेकंद सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘घाट कुठला?’ घाट म्हणजे गाडे पळतात तो चढाचा मार्ग, आणि बारी म्हणजे गाडा पळवण्याची पाळी. मग, ‘माती ओली होती का? बारी सकाळची की उन्हातली?’ हे कळेपर्यंत ते त्या सेकंदांवर एक अक्षर बोलत नसत. कुठला घाट लांब, कुठला आखूड, कुठे चढ अंगावर येणारा, हे त्यांना पाठ होते. दोन घाटांचे सेकंद शेजारी ठेवून बैलांची तुलना करणाऱ्या माणसाला ते सरळ म्हणत, ‘तू घड्याळ बघितलंस, बैल नाही बघितले.’

तर या गाडीचा घाट कुठला?

कंपनीने २० मार्च २०२३ ला लास वेगासमध्ये गाडी दाखवली. ६.२ लिटरचे, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) बसवलेले व्ही-८ इंजिन, १,०२५ अश्वशक्ती, ताशी ६० मैलांचा वेग १.६६ सेकंदांत, आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, ८.९१ सेकंदांत, रेषा ओलांडताना वेग ताशी १५१.१७ मैल. पहिली दुरुस्ती इथेच करते. आपल्या बातमीत ‘शून्य ते १०० किमी’ असे छापले आहे. ६० मैल म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर. फरक थोडा आहे, पण जिथे सेकंदाच्या शंभराव्या भागाचे कौतुक चालले आहे तिथे साडेतीन किलोमीटर गाळून कसे चालेल?

दुसरी गोष्ट ‘रोलआउट’ची. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ पट्ट्यावर थोड्या अंतराच्या शर्यतीत, घड्याळ गाडी हलल्याबरोबर सुरू होत नाही. पुढचे चाक प्रकाशकिरणातून बाहेर पडले की ते चालू होते, आणि तोवर गाडी साधारण एक फूट पुढे गेलेली असते. डेमनचे १.६६ सेकंद हा पहिला फूट वगळून मोजलेले आहेत. कंपनी सांगते तसे २ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट, इतके त्वरण धरले तरी तो एक फूट कापायला सुमारे ०.१८ सेकंद लागतात. म्हणजे गाडी जागची हलल्यापासून मोजले तर आकडा १.८४ च्या आसपास जातो. ही फसवणूक नाही, इथली ती रुळलेली पद्धत आहे. पण जर्मन किंवा जपानी गाडीचा पहिल्या क्षणापासून मोजलेला आकडा शेजारच्या चौकटीत छापायचा, तर वाचकाला हे सांगायला हवे.

आणि तिसरी, सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जमीन.

काही वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मंडळींबरोबर मी इथल्या एका ड्रॅगस्ट्रिपवर गेले होते. बुधवारची संध्याकाळ, कुणीही आपली गाडी घेऊन यावे आणि पळवावी असा दिवस. सुरुवातीच्या रेषेजवळ जाऊन बघू दिले, तर दोन पावलांत माझा डावा बूट जागच्या जागी राहिला आणि पाय मोजासकट बाहेर आला. रेषेपुढच्या काँक्रीटवर राळेसारखा चिकट द्रव फवारतात आणि त्यावर ट्रॅक्टरला लावलेली जुनी टायरे घासून रबराचा थर चढवतात. हात लावला तर उन्हात वितळलेल्या गुळासारखा लागतो. अशा जमिनीवर गरम केलेले मऊ टायर जे धरते, त्याला आपण ज्याला रस्त्याची पकड म्हणतो तो शब्द पुरा पडत नाही.

त्या संध्याकाळी एका मुलाने सातशेच्या वर अश्वशक्तीची गाडी आणली होती. ऊन उतरले होते, टायर त्याने नीट तापवले नव्हते. दिवा हिरवा झाला आणि मागची चाके जागेवर फिरायला लागली, धूर झाला, त्याने पाय उचलला, पुन्हा दाबला. पाटीवर वेळ आली १२.९ सेकंद. शेजारच्या रांगेतली निम्म्या ताकदीची गाडी त्याच्या आधी पोचली. पण त्याच पाटीवर खाली रेषेवरचा वेग होता, ताशी १२२ मैल. अर्ध्या तासाने तो परत आला, या वेळी टायर तापवून, हलक्या पायाने सुटला. वेळ ११.४, वेग १२४. दीड सेकंदाचा फरक वेळेत, आणि वेगात फक्त दोन मैलांचा. हा धडा मला इतक्या वर्षांच्या डायनोने इतका लख्ख दिला नव्हता. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो, वेळ टायरची पकड सांगते. म्हणून माझी वाचकांना विनंती आहे की डेमनच्या बातमीत ८.९१ बघण्याआधी १५१.१७ बघावे. इंजिन खरेच राक्षसी आहे, हे तिथे कळते.

साध्या रस्त्यावर काय होईल, हे कागदावर काढता येते. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. चांगल्या कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड साधारण गाडीच्या वजनाइतकी धरू, म्हणजे पकडीचा गुणांक एक. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे नाक उचलून सगळेच्या सगळे वजन मागे आले असे मानले, तरी त्वरण गुरुत्वाकर्षणाइतके, म्हणजे १ जी किंवा ९.८१, याहून वाढत नाही. २६.८ ला ९.८१ ने भागा: २.७ सेकंद. इंजिन १,०२५ अश्वशक्तीचे असो की २,०००चे, या रस्त्यावर यापुढे ते काही करू शकत नाही. १.६६ साठी, वगळलेला पहिला फूट धरूनही, सरासरी दीड जीच्या आसपास त्वरण लागते आणि तेवढी पकड फक्त त्या गुळासारख्या जमिनीवर मिळते. गाडीबरोबर येणारे मागचे टायरही त्याच जमिनीसाठी केलेले मऊ ड्रॅग टायर आहेत. इथे मिशिगनमध्ये एप्रिलमध्ये सकाळी चार-पाच अंश असतात. त्या थंडीत हे टायर कडक पडतात. पावसाबद्दल न बोललेलेच बरे.

जुन्या शर्यतवाल्यांचे एक सोपे गणित आहे. माणसासकट गाडीचे वजन पाउंडांत घ्यायचे, अश्वशक्तीने भागायचे, घनमूळ काढायचे आणि ५.८२५ ने गुणायचे. पाव मैलाची वेळ मिळते. डेमन १७० चे वजन ४,२७५ पाउंड. चालकाचे १७५ धरले तर उत्तर येते साडेनऊ सेकंद. कंपनीला मिळाले ८.९१. हेच गणित मी २०१८ च्या पहिल्या डेमनला लावून पाहिले. ८४० अश्वशक्ती, वजन जवळपास तेवढेच, उत्तर १०.१६, कंपनीचा आकडा होता ९.६५. दोन्ही वेळा अर्ध्या सेकंदाच्या आसपास तफावत. सूत्र जुन्या गिअरबॉक्सच्या काळातले आहे, आजचा आठ वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स त्यातले काही भरून काढतो. पण उरलेल्यात चिकट जमीन आहे, थंड दाट हवा आहे, इंजिन ताणून धरून सोडणारा ट्रान्सब्रेक आहे. आजोबांच्या भाषेत, तो घाट आहे.

इंधनाचेही तसेच. १,०२५ हा आकडा ई-८५ वर आहे, म्हणजे इथेनॉल जास्त असलेल्या इंधनावर. पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलवर, ज्यात १० टक्के इथेनॉल असते, कंपनी स्वतःच ९०० सांगते. ही सव्वाशे अश्वशक्ती कुठून येते? इथेनॉल वाफ होताना आत येणारी हवा चांगलीच थंड करते आणि अकाली पेट घेत नाही, त्यामुळे सुपरचार्जरचा दाब वाढवता येतो. बदल्यात इंधन जास्त लागते, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. आणि इथे वाचकांना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट: पंपावर ‘ई-८५’ लिहिलेले असले तरी इथल्या मानकानुसार त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के यांमध्ये कितीही असू शकते. हिवाळ्यात गाडी सुरू व्हावी म्हणून ते कमी ठेवतात. म्हणजे जानेवारीतली गाडी आणि जुलैतली गाडी एकच असूनही इंधन एक नसते. भारतात २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलची विक्री सुरू झाली आहे, तेव्हा इथेनॉल आणि इंजिन हा विषय आपल्या वाचकांच्या दारात आलेलाच आहे.

आकड्यांच्या या खेळाला इतिहास आहे. १९७२ च्या आधी अमेरिकी कंपन्या ‘ग्रॉस’ अश्वशक्ती छापत. इंजिन स्टँडवर नागडे चालवायचे, पंखा नाही, आल्टरनेटर नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. मग गाडीत बसवल्यावर त्यातले किती उरते, हे ग्राहकाने आपले आपण शोधायचे. १९७२ पासून ‘नेट’ आकडा आला, म्हणजे इंजिन गाडीत असते तशा सगळ्या जोडण्यांसह. एका रात्रीत जाहिरातीतल्या कित्येक गाड्यांची ताकद कागदावर शंभर-शंभराने उतरली. गाडी होती तीच राहिली. माझ्या खोलीतल्या प्रत्येक कागदावर आज २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब यांना धरून सुधारणा केलेली असते, ती याच भांडणांतून आलेली शिस्त आहे.

मला ही गाडी आवडते, हे लपवत नाही. कॅनडातल्या ओंटारिओमधील ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात चॅलेंजरचे उत्पादन २०२३ मध्ये संपते आहे आणि हे तिचे शेवटचे, सगळ्यांत रागीट रूप आहे. एकूण ३,३०० गाड्या, २०२३ मध्ये जाहीर केलेली किंमत ९६,६६६ डॉलरपासून. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांप्रमाणे नऊ सेकंदांच्या आत आणि १५० मैलांच्या वर पळणाऱ्या गाडीला संरक्षक पिंजरा आणि पॅराशूट लागते. ते बसवल्याशिवाय ही गाडी जशी मिळते तशी त्यांच्या स्ट्रिपवर पुन्हा ८.९१ पळवता येणार नाही. हे साध्य करणारे इंजिनिअर माझ्या घरापासून फार लांब बसत नाहीत. त्यांनी केलेले काम जसे आहे तसे, पूर्ण, लोकांपर्यंत जावे, एवढीच माझी तळमळ.

तर भाच्याला आणि आपल्या वाचकांना माझे उत्तर असे. गाड्या मालकांच्या हातात पडतील आणि स्वतंत्र चाचण्या होतील, तेव्हा कोरड्या, उबदार, पण चिकट द्रव न मारलेल्या साध्या डांबरावर, रोलआउट वगळून, ताशी ६० मैलांना २.५ ते २.९ सेकंद लागतील. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर पाव मैल दहा सेकंदांच्या थोडा अलीकडे-पलीकडे होईल. रेषेवरचा वेग मात्र ताशी १४० मैलांच्या खाली फारसा उतरणार नाही. दहा अंशांखाली सुटायचा प्रयत्न करणाऱ्याला बारा सेकंदही दिसू शकतात, त्या बुधवारच्या मुलासारखे.

त्या चाचण्यांची बातमी आपण नक्की छापाल. तेव्हा आकड्याशेजारी चार शब्द जास्तीचे द्या: जमीन कसली, इंधन कोणते, तापमान किती, रोलआउट धरला की नाही. आणि माझा अंदाज चुकला असेल तर हे पत्र खालच्या तारखेसह त्याच पानावर पुन्हा छापायला माझी आजच संमती आहे.

आपली नियमित वाचक,
ट्रॉय, मिशिगन (मूळ गाव जुन्नर तालुका, जि. पुणे)
८ एप्रिल २०२३