तिसरीच्या पालकांसाठी : गृहपाठाबद्दल

नमस्कार पालकहो,

हल्ली वह्या अगदी बिनचूक येतात, पण फळ्यावर तेच गणित मुलांना जमत नाही. म्हणून कळकळीची विनंती : गृहपाठ मुलांनाच करू द्या. चुकला तरी चालेल.

५२ मधून २७ वजा करताना बरीच मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सरळ सातातून दोन काढतात. ते खोडून तुम्ही २५ लिहून दिलंत, तर मूल कुठे अडलंय ते मला कळतच नाही. त्यापेक्षा काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा आणि त्यातून सत्तावीस काढायला सांगा. एक गठ्ठा सोडावा लागतो, हे मुलं आपणच शोधून काढतात. तरी अडलं, तर उत्तर न सांगता बाजूला पेन्सिलीने खूण करून पाठवा.

तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ असावा, असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. म्हणजे रोज वीसेक मिनिटं. त्यात झाला नाही तर राहू द्या, पण मुलांना रात्री जागवू नका. मारणं-ओरडणं तर मुळीच नको.

वाचन मात्र रोज हवं : मुलांनी मोठ्याने वाचायचं, तुम्ही ऐकायचं. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनीही नक्की ऐकावं. भाकऱ्या थापता थापता ऐकलंत तरी पुरे. "मग पुढे काय झालं?" एवढं विचारा. तेवढा वेळ टीव्ही बंद.

सोमवारी दप्तरात काड्या आणि रबरबँड द्यावेत.

– वर्गशिक्षिका